निःशब्द चित्रपुस्तके आणि बालकांची निरीक्षणशक्ती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पाठशाळेतील सहा-सात वर्षांच्या मुलाला चोवीस तीर्थंकरांची नावे क्रमाने म्हणावयास सांगितली, तर ते बहुधा एका दमात म्हणून दाखविते. त्याच मुलाला मंदिरातील एखाद्या जुन्या, झिजलेल्या पाषाणमूर्तीपुढे उभे करून ‘हे कोणते भगवान?’ असे विचारले, तर मात्र ते मूर्तीकडे न पाहता आईच्या तोंडाकडे पाहते. वस्तुतः उत्तर समोरच कोरलेले असते. पादपीठावर लांछन आहे. तो आदिनाथांचा वृषभ की वासुपूज्यांचा महिष, हे वशिंड आहे किंवा नाही आणि शिंगे कोणत्या बाजूस वळली आहेत एवढे पाहिले की समजते. मस्तकावरील नागफणा पाच असतील तर सुपार्श्वनाथ आणि सात असतील तर पार्श्वनाथ, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण त्यासाठी फणा मोजाव्या लागतात. खांद्यांवर जटा उतरल्या असतील, तर ते आदिनाथ. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यानुपिढ्यांच्या श्राविकांनी अशाच रीतीने मूर्ती ओळखल्या. त्या मूर्ती ‘वाचीत’ होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या मुलाच्या पाठांतरात उणीव नाही. उणीव आहे ती पाहण्यात. दूरदर्शन संच, भ्रमणध्वनी आणि जाहिरातींचे फलक यांनी मुलांच्या डोळ्यांपुढे चित्रांचा पूर आणला, हे खरे. परंतु पुरात बुडणाऱ्याला नदी दिसत नाही. क्षणाक्षणाला बदलणारे चित्र पाहणाऱ्याला थांबू देत नाही. थांबून पाहण्याची सवय वर्गात कशी लावता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी ज्या साधनाचा विचार येथे करावयाचा आहे, ते अगदी साधे आहे: ज्यात मजकूरच नाही असे चित्रांचे पुस्तक.

जैन परंपरेला हा विषय परका नाही. तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय पाठशाळेत शिकविला जातो. त्यात आचार्य उमास्वामींनी मतिज्ञानाचे चार भेद सांगितले आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. मुले हे चार शब्द पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. सर्वार्थसिद्धी या टीकेत पूज्यपादाचार्यांनी दिलेले उदाहरण मात्र एकदा ऐकले की विसरता येणार नाही. दूरवर काहीतरी पांढरे दिसले, हा अवग्रह. ती बगळी आहे की पताका, अशी विशेष जाणून घेण्याची आकांक्षा म्हणजे ईहा. ते पांढरे वर उडते, खाली येते, पंख हालविते. तेव्हा ही बगळीच, पताका नव्हे, असा निश्चय म्हणजे अवाय. आणि सकाळी पाहिलेली ती हीच बगळी, असे कालांतराने ओळखता येण्याला कारण होणारी ती धारणा.

वर्गात नेमके काय चुकते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. शिक्षिका चित्र वर धरतात आणि त्याच क्षणी सांगतात, ‘मुलांनो, ही बगळी.’ अवाय शिक्षिकेनेच उरकून टाकला. मुलांकडे उरली ती धारणा, म्हणजे पाठांतर. मधली ईहा, ज्यात मूल डोळे बारीक करते, मान तिरकी करते, शेजाऱ्याशी वाद घालते, ती घडलीच नाही. चित्राखाली छापलेला मजकूरही हेच करतो. वाचता येणारे मूल आधी ओळ वाचते आणि मग चित्राकडे पाहते. ते पाहणे ओळीत सांगितलेले चित्रात आहे ना, एवढी खात्री करण्यापुरतेच असते. मजकूर काढून घेतला की निश्चयाचे काम मुलाकडे परत येते. निःशब्द पुस्तकाचे सगळे सामर्थ्य या एवढ्याशा गोष्टीत आहे.

मुलांसाठी सचित्र पुस्तक काढण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये चित्रांच्या आधारे भाषा शिकविणारे पुस्तक काढले; तथापि त्यात चित्र शब्दाच्या सेवेला होते. केवळ चित्रांनी सबंध कथा सांगणारी बालपुस्तके विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विपुल निघू लागली. अमेरिकेतील मर्सर मेयर, इंग्लंडमधील रेमंड ब्रिग्ज, जपानचे मित्सुमासा आनो आणि ऑस्ट्रेलियाचे शॉन टॅन ही त्यांतील ठळक नावे. जेरी पिंकनी यांच्या ‘द लायन अँड द माऊस’ या पुस्तकाला २०१० साली कॅल्डेकॉट पदक मिळाले. सिंह आणि उंदराची ही गोष्ट इकडील प्रत्येक आजीला ठाऊक आहे. पुस्तकात प्राण्यांच्या आवाजांपलीकडे मजकूर नाही.

या सर्वांपेक्षा एका पुस्तकाकडे थोडे सविस्तर पाहणे उपयोगाचे ठरेल. मर्सर मेयर यांचे ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ हे १९६९ चे पुस्तक. अवघी चोवीस रेखाचित्रे. एका मुलाने बेडूक पकडून काचेच्या बरणीत ठेवला आहे. रात्री मुलगा आणि त्याचा कुत्रा झोपले असता बेडूक बरणीतून बाहेर पडतो. सकाळी रिकामी बरणी दिसते. मग शोध सुरू होतो: बुटात, खिडकीबाहेर, बिळात, झाडाच्या ढोलीत. कुत्रा मधमाश्यांचे पोळे पाडतो. मुलगा एका खडकावर चढून फांद्यांना धरतो आणि त्या फांद्या हरणाची शिंगे निघतात. शेवटी दोघे पाण्यात पडतात, आणि एका पडलेल्या ओंडक्यामागे बेडूक आपल्या कुटुंबासह सापडतो.

बालभाषेचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी हे पुस्तक वापरले आहे. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच चोवीस चित्रांवर उभा आहे. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की या पाच भाषांतील मुलांनी व प्रौढांनी ही एकच चित्रकथा आपापल्या भाषेत सांगितली. त्यात आढळलेली एक गोष्ट प्रत्येक बालवाडी शिक्षिकेच्या अनुभवाशी जुळणारी आहे. तीन वर्षांचे मूल प्रत्येक चित्र सुटे सांगते: हा कुत्रा, ही बरणी, हा मुलगा. पाचव्या वर्षाच्या सुमारास चित्राला चित्र जोडले जाऊ लागते. नऊ वर्षांचे मूल हा सगळा खटाटोप हरवलेल्या बेडकासाठी चालला आहे, हे सूत्र शेवटपर्यंत हातात ठेवते. याचा अर्थ असा की, तीन वर्षांच्या मुलाने ‘गोष्ट’ सांगितली नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, आणि आठ वर्षांचे मूल अजूनही ‘हा कुत्रा, ही बरणी’ एवढेच म्हणत असेल, तर त्याच्याकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे. लेखी परीक्षेत जे दिसत नाही, ते असे चोवीस चित्रांत दिसते.

आता या पुस्तकाचे शेवटचे चित्र. मुलगा बेडकाच्या कुटुंबाचा निरोप घेतो आणि घरी निघतो, पण त्याच्या हातात एक बेडूक आहे. पुस्तक यावर काही भाष्य करीत नाही. त्यात भाष्य करण्याची सोयच नाही. जैन पाठशाळेतील मुलांपुढे हे चित्र ठेवले असता कोणी ना कोणी ‘याने पुन्हा का पकडला?’ असे विचारल्यावाचून राहणार नाही. दुसरे म्हणेल, ‘पकडला नाही, बेडकांनीच दिला.’ तिसरे मागची पाने चाळून पाहील, की हा तोच बेडूक की पिलू. येथे शिक्षिकेने मोह आवरावा. अहिंसेवर चार वाक्ये बोलण्याची याहून सोयीची जागा सापडणार नाही, हे खरे. परंतु मूल त्या क्षणी जे करीत आहे, ते चार वाक्यांहून मोलाचे आहे. बरणीतल्या जीवाकडे कोणी सांगितल्याशिवाय त्याचे लक्ष गेले आहे.

अहिंसेचा आणि पाहण्याचा संबंध किती निकटचा आहे, हे या समाजाला वेगळे सांगावयास नको. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची भूमी पाहून चालणे. आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहणे. मुनिमहाराजांच्या हातातील पिंछीचा उपयोग पाहिल्यावरच होतो. जीव दिसलाच नाही, तर पिंछी फिरवूनही काय उपयोग? श्रावकाच्या घरी धान्य निवडणे, पाणी गाळणे, दिवेलागणीपूर्वी जेवणे या सगळ्या आचारांच्या मुळाशी बारीक दृष्टी आहे. दळण निवडताना आजीच्या शेजारी बसणारी नात पूर्वी हे आपोआप शिकत असे. आता निवडलेली डाळ पिशवीत बंद होऊन येते. ती सोय नाकारण्याचे कारण नाही, पण त्या सुपासमोर होणारे शिक्षण बंद झाले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, याची नोंद कोणीतरी घ्यावयास हवी होती.

अमेरिकेतील एका कलासंग्रहालयाच्या शैक्षणिक कार्यातून अबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी चित्र पाहण्याची एक पद्धत विकसित केली. तिच्यात शिक्षकाने तीनच प्रश्न विचारावयाचे असतात. या चित्रात काय चालले आहे? असे म्हणावयास तुला चित्रात काय दिसले? आणखी काय सापडते? यांपैकी दुसऱ्या प्रश्नासाठी मराठीत एकच नेमका शब्द आहे: ‘कशावरून?’ हा शब्द मराठी माणूस एरवी भांडणात वापरतो. वर्गात तो हळू आवाजात, कुतूहलाने विचारला, तर त्यासारखे साधन नाही. ‘हा मुलगा रागावला आहे.’ कशावरून? ‘भुवया बघा ना, बाई.’ ‘रात्र आहे.’ कशावरून? ‘खिडकीत चंद्र आहे.’ अनुमानाला हेतू लागतो, हे न्यायशास्त्राचे पहिले पाऊल मूल येथे टाकते. ‘कशावरून’ हा प्रश्न चुकलेल्या मुलालाच विचारावयाचा नसतो. बरोबर सांगणाऱ्यालाही तो विचारला पाहिजे. नाहीतर दोन दिवसांत मुलांना कळते की, बाईंनी ‘कशावरून’ म्हटले म्हणजे उत्तर चुकले, आणि मग ती चित्राऐवजी बाईंचा चेहरा वाचू लागतात.

एकाच चित्राविषयी दोन मुलांचे दोन निष्कर्ष असू शकतात, आणि दोघांच्याही हाती चित्रातला पुरावा असू शकतो. हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त अनेकान्त समजावण्यासाठी प्रत्येक पाठशाळेत सांगितला जातो. पण तो ऐकणारे मूल स्वतःला नेहमी डोळस समजते; आंधळे ते दुसरे! आपल्यालाही चित्राची एकच बाजू दिसली होती, हे शेजारच्या मैत्रिणीने दाखविल्यावर मुलाच्या तोंडून जो ‘अरेच्चा!’ निघतो, तो अनेकान्ताचा खरा धडा आहे. काही आठवड्यांनी मुले ‘कदाचित’, ‘मला वाटते’, ‘इकडून पाहिले तर’ असे शब्द वापरू लागतात. त्या वयात ‘स्यात्’ शब्दाची व्याख्या यावी अशी अपेक्षा नाही, पण त्या शब्दाची गरज भासू लागली तर पुष्कळ झाले.

निःशब्द पुस्तके परदेशी आणि महाग आहेत, त्यांत बर्फ आणि धुराडी असतात, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रेमंड ब्रिग्ज यांचे ‘द स्नोमॅन’ (१९७८) कितीही सुंदर असले, तरी बर्फाचा माणूस सकाळी का वितळला, हे सांगली-कोल्हापूरच्या मुलाला सहजी समजणार नाही. परंतु या समाजाकडे स्वतःची निःशब्द चित्रे शतकानुशतके आहेत. मातेची सोळा स्वप्ने, मधुबिंदू, षड्लेश्या यांची चित्रे किती जिनमंदिरांच्या भिंतींवर आहेत! वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी ही तर दगडातील चित्रकथा आहे. इंद्रसभेत पार्श्वनाथांवरील उपसर्गाचा शिल्पपट आणि वेलींनी वेढलेले बाहुबली पाहताना वाचावयाचे काहीच नसते; पाहावयाचे मात्र पुष्कळ असते. सहल तेथे जाते, मार्गदर्शक पाच मिनिटांत सांगून मोकळा होतो, मुले छायाचित्रे काढतात. तेथे प्रत्येक मुलाला एकाच शिल्पापुढे दहा मिनिटे बसवून ‘सांगू नका, फक्त पाहा’ असे म्हणणारी सहल अद्याप क्वचितच निघाली असेल.

षड्लेश्येच्या चित्राचेच उदाहरण घेऊ. गोम्मटसार जीवकांडात आचार्य नेमिचंद्रांनी हा दृष्टान्त दिला आहे. वाट चुकलेले सहा पथिक वनात फळांनी लदलेल्या वृक्षापाशी येतात. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटते, दुसऱ्याला खोडापासून, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला डहाळी. पाचवा झाडावरची फळेच तेवढी तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. भिंतीवरील चित्रात कोठे जांभळाचे झाड असते, कोठे आंब्याचे. पाठशाळेत हे चित्र कसे शिकविले जाते? छडीचे टोक एकेका माणसावर ठेवून: कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. मुले मागून म्हणतात. तास संपतो.

तेच चित्र नावे झाकून मुलांपुढे ठेवले, तर पहिल्यांदा सर्वांना कुऱ्हाड दिसते. नंतर झाडावर चढलेले. खाली वाकलेला मनुष्य सर्वांत शेवटी दिसतो, कारण तो काही ‘करीत’ नाही. मग कोणीतरी मोजते: माणसे सहा, झाड एक. कोणी म्हणते, सगळ्यांना भूकच लागली आहे. कोणी खालची फळे मोजते आणि सांगते की, याला तर एवढ्यातच पुरेल. कथेचे मर्म मुलांच्या हाती त्यांच्याच बोटांनी लागते. त्यानंतर शिक्षिकेने सहा नावे सांगितली, तर ती नावे रिकाम्या भांड्यात पडत नाहीत.

याच वेळी एक अवघड गोष्टही वर येते, आणि तिच्यासाठीच हे उदाहरण निवडले आहे. पुष्कळ चित्रांत मूळ तोडणारा माणूस काळ्या रंगाने रंगविलेला असतो आणि पडलेली फळे वेचणारा गोरा. निरीक्षण करणारे मूल ते पाहणारच, आणि विचारणारच: ‘काळी माणसे वाईट असतात का?’ वर्गातील एखादी सावळी मुलगी त्या क्षणी मान खाली घालते. छडीने शिकविताना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. म्हणून तो मुलांच्या मनात उमटत नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. तो मनात उमटतो, उत्तरावाचून राहतो आणि पुढे मुली पाहावयास जाताना प्रकट होतो. शास्त्राने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शरीराचा वर्ण ही द्रव्यलेश्या आणि कषायांनी रंगलेली प्रवृत्ती ही भावलेश्या, दोन्ही वेगळ्या. मुनिसुव्रतनाथ आणि नेमिनाथ या दोन तीर्थंकरांचा देहवर्ण परंपरेने श्यामच सांगितला आहे. एवढे सांगून शिक्षिकेने मुलांना पुन्हा चित्राकडे पाठवावे आणि विचारावे, हा रंग चित्रकाराने कशाला दिला आहे, कातडीला की मनात आलेल्या विचाराला? चित्र बदलण्याची गरज नाही. मुलाला ते पुरते पाहू दिले नाही, तर मात्र अर्धे पाहिलेले चित्र कायमचे मनात राहते.

भाषेचाही एक मुद्दा आहे. न्यासाच्या शाळांतून येणारी मुले आज एका भाषेची नाहीत. सीमाभागात घरी कन्नड, कोणाकडे मारवाडी, कोणाकडे गुजराती किंवा कच्छी, शाळेत इंग्रजी आणि पाठशाळेत मराठी-हिंदी. बालवाडीत तर हंगामापुरती आलेल्या ऊसतोड कामगारांची मुलेही कधी येऊन बसतात. छापील मराठी धड्यापुढे यांतील निम्मी मुले गप्प राहतात, आणि गप्प बसणाऱ्याला ‘मठ्ठ’ म्हणण्याची घाई शाळेत फार असते. निःशब्द पुस्तकापुढे सर्व समान. जे मूल कधी बोलत नाही, ते पुष्कळदा सर्वांच्या आधी कोपऱ्यातील मुंगी दाखविते. ते बोट दाखविते, मोडक्या मराठीत सांगते, आणि त्या दिवसापुरते वर्गात त्याचे स्थान बदलते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे वारली मुलांसाठी जे काम केले, त्याचे सार हेच होते की, मुलाला शाळेपर्यंत ओढण्यापूर्वी शाळेने मुलापर्यंत जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती त्यातूनच. आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळाने २०१२ मध्ये इटलीच्या लाम्पेदूसा बेटासाठी जगभरची निःशब्द पुस्तके जमविण्याचा उपक्रम सुरू केला. त्या बेटावर आफ्रिकेतून स्थलांतरितांच्या नावा येतात. तेथील आणि बाहेरून आलेल्या मुलांना एकत्र वाचता येईल, असे दुसरे पुस्तक कोणते असणार?

घरीही याचा उपयोग आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाचे पुस्तक आजी-आजोबांना वाचता येत नाही, ही अनेक घरांतील न बोलली जाणारी व्यथा आहे. चित्रपुस्तकाला इंग्रजी येत नसले तरी चालते.

प्रत्यक्ष वर्गात काय करावे, याविषयी थोडेसे. चाळीस मुलांपुढे एक पुस्तक उंच धरल्याने काही साधत नाही. मागच्या मुलांना बाईंचा हातच दिसतो. पाच-सहा मुलांचे गट करावेत, पुस्तक जमिनीवर ठेवावे आणि पान उलटण्याचा अधिकार मुलांना द्यावा. पहिल्यांदा कोणी बोलू नये, सर्व पुस्तक केवळ पाहून घ्यावे. बोलणे दुसऱ्या फेरीत. एखाद्या पानाचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून ‘खाली काय असेल?’ असे विचारता येते. मुलांची वाक्ये फळ्यावर जशी बोलली तशी लिहावीत. व्याकरण नंतर सुधारता येते. वीस मिनिटे पुरेत. आठवड्याने तेच पुस्तक पुन्हा काढावे, कारण मागच्या वेळी न दिसलेले आता दिसते आणि त्याचा आनंद मुलांना फार असतो. खरेदीसाठी निधी नसेल, तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात. मजकुरावर कागदाची पट्टी चिकटविली की पुस्तक निःशब्द झाले! मजकूर अजिबात असू नये असाही आग्रह नको. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ (१९६८) या पुस्तकात ३२ शब्दांचे एकच वाक्य आहे. कोंबडी फिरावयास गेली आणि परत आली, एवढेच ते सांगते. तिच्या मागे पानोपानी कोल्हा आहे, त्याचा मजकुरात उल्लेखही नाही. शब्दांवर किती विसंबावे, हे मुलांना शिकविण्यासाठी यापेक्षा गमतीदार पुस्तक शोधून सापडणार नाही.

‘मग मुले वाचावयास कधी शिकणार?’ हा पालकांचा प्रश्न अनुदार नाही. फी भरणाऱ्याला वहीत अक्षरे दिसावी लागतात. अक्षरओळख थांबवावी असे येथे कोणाचेही म्हणणे नाही. परंतु वाचता येणे म्हणजे अक्षरांचा उच्चार करता येणे नव्हे. परीक्षेतील उताऱ्याखाली ‘यावरून काय दिसते?’ असा प्रश्न आला की चांगली वाचणारी मुलेही अडतात. ते ‘यावरून’ त्यांनी कधी केलेलेच नसते. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल देऊन ओळी गिरविण्यास लावण्यापेक्षा त्या बोटांनी चित्रातील कोल्हा शोधणे अभ्यासाच्या अधिक जवळचे आहे, असे म्हणण्यास बालवाडीच्या शिक्षिकांनी आता कचरू नये.

राहता राहिली भिंतीवरील चित्रे. जुन्या मंदिरांचे जीर्णोद्धार सर्वत्र उत्साहाने होत आहेत, आणि त्यात कित्येक ठिकाणी षड्लेश्या, मधुबिंदू, सोळा स्वप्ने यांची हाताने काढलेली चित्रे संगमरवराच्या लाद्यांखाली किंवा तैलरंगाच्या हातांखाली गेली आहेत. दात्यांचा भाव शुद्ध असतो. कोणी चित्र पुसावे म्हणून देणगी देत नाही. पण मधुबिंदूच्या चित्रात फांदी कुरतडणारे काळा आणि पांढरा असे दोन उंदीर कोणीतरी दिवसचे दिवस खपून रंगविलेले होते, विहिरीतील चार सर्पांची तोंडे वेगवेगळी होती, आणि विमानातून हात पुढे करणाऱ्या विद्याधराकडे लोंबकळणारा माणूस पाहतच नव्हता, हे एकदा लादी बसल्यावर कोणत्या मुलाला दाखविणार? सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून काय करावे याविषयी विश्वस्तांपुढे अनेक सूचना आल्या असतील. त्यांत या एका सूचनेची भर पडावी. परिसरातील ज्या मंदिरांचे काम काढले जाणार आहे, तेथील प्रत्येक भित्तिचित्राची लादी बसण्यापूर्वी चांगल्या उजेडात, तुकड्या-तुकड्यांनी, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून छायाचित्रे घ्यावीत. एकेका चित्राची सोळा पाने करावीत: आधी केवळ उंदीर, मग फांदी, मग हात, मग मधाचा थेंब, आणि सबंध चित्र शेवटच्या पानावर. त्यावर एकही अक्षर छापू नये, देणगीदारांची नावेसुद्धा मलपृष्ठावर असावीत. शंभर प्रती काढल्या तरी परिसरातील पाठशाळांना आणि बालवाड्यांना पुरतील. पावसाळ्यापूर्वी छायाचित्रे झाली पाहिजेत, कारण दिवाळीनंतर कामे सुरू होतात.